हवाई बेटांवरील प्रागैतिहासिक पक्षिसमुदाय

पॅसिफिक महासागरातील हवाई द्वीपसमूहावर मानवी वस्तीपूर्वी नांदणारे आणि पॉलिनेशियन दर्यावर्दी स्थायिक झाल्यानंतर मोठ्या संख्येने नामशेष झालेले पक्षी. अमेरिका खंडापासून सुमारे ३,८०० किमी. अंतरावरील या ज्वालामुखीजन्य बेटांवर वटवाघळे सोडता जमिनीवरचा एकही मूळ सस्तन प्राणी नव्हता. चरणाऱ्या जनावरांची जागा तेथे मोआ-नालो या पक्ष्यांनी घेतली होती. ते बदकांचे वंशज, पण हंसाएवढे थोराड आणि उडता न येणारे. काही जातींच्या चोचीच्या कडांना दातांसारखे हाडांचे उंचवटे होते, तर एका जातीची चोच कासवाच्या जबड्यासारखी होती. माउई बेटावरील लाव्हाच्या गुहेत सापडलेल्या त्यांच्या वाळलेल्या विष्ठेत नेच्यांचे बीजाणू मिळाले आहेत. त्यांच्या जोडीला न उडणारे आयबिस, पाणकोंबड्यांच्या कुळातील पक्षी आणि लांब पायांची घुबडे होती.

कॅप्टन जेम्स कुक १७७८ मध्ये येथे पोहोचला. त्यानंतर युरोपीय व अमेरिकी अभ्यासकांनी केलेल्या याद्या म्हणजेच बेटांची मूळ पक्षिसंपदा, असे दीर्घकाळ मानले गेले. प्रत्यक्षात त्या याद्या उरल्यासुरल्या पक्ष्यांच्या होत्या. जीवाश्मांचे अभ्यासक स्टॉर्स ओल्सन आणि हेलन जेम्स यांनी वाळूच्या टेकड्या, चुनखडीतील विवरे आणि लाव्हाच्या गुहांमधील हाडे अभ्यासली आणि युरोपीयांच्या आगमनाआधीच भूचर पक्ष्यांच्या किमान ३९ जाती नष्ट झाल्याचे १९८२ मध्ये दाखवून दिले. १९९१ मध्ये त्यांनी ३२ नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. हाडे टिकतात ती मुख्यतः कोरड्या सखल भागांत. डोंगरातील दमट जंगलांत ती फारशी राहत नाहीत. त्यामुळे पुरावा एकांगी आहे, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून नुकसान फुगवले गेल्याचे सिद्ध होत नाही, उलट खरा आकडा याहून मोठा असावा असेच निघते.

हवामानबदलाने हे पक्षी संपले, असेही म्हटले जाते. मात्र त्यांच्या पूर्वजांनी हिमयुगांचे चढउतार पचवले होते. शिवाय हवामान हेच कारण असते, तर जगभरच्या सगळ्या बेटांवरचा ऱ्हास साधारण एकाच काळात व्हायला हवा होता. घडले वेगळेच. टोंगामध्ये तो सुमारे २,८०० वर्षांपूर्वी सुरू झाला, न्यूझीलंडमध्ये तेराव्या शतकानंतर, तर मॉरिशसचा डोडो १५९८ मध्ये डच तेथे उतरल्यावर शंभरेक वर्षांत संपला. विनाशाचा क्रम माणसाच्या होड्यांच्या क्रमाशी जुळतो. न्यूझीलंडच्या मोआ (मोआ-नालोहून वेगळ्या) पक्ष्यांच्या जनुकीय अभ्यासातही माणूस येण्यापूर्वी त्यांची संख्या घटत असल्याची चिन्हे दिसली नाहीत.

मूठभर वसाहतकारांनी दगडी हत्यारांनी इतके पक्षी कसे संपवले, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केवळ शिकारीत नाही. ओआहू बेटाच्या एवा मैदानावर लोकवस्ती पसरण्याआधीच मूळ जंगल खचल्याचे परागकणांवरून दिसते, आणि होड्यांतून आलेले, बिया कुरतडणारे पॅसिफिक उंदीर हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. डुकरे आणि कुत्रीही माणसाबरोबरच आली. अळूच्या खाचरांसाठी व इतर शेतीसाठी सखल भागातील राने मोकळी केली गेली. जमिनीवर अंडी घालणाऱ्या आणि शत्रूची ओळख नसलेल्या पक्ष्यांना एवढे पुरेसे होते. याचा सगळा दोष पॉलिनेशियनांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. १७७८ नंतर आलेल्या डासांनी आणि त्यांनी पसरवलेल्या पक्षी-मलेरियाने वनपक्ष्यांची दुसरी मोठी हानी केली.

या इतिहासाला आजही व्यावहारिक मोल आहे. लायसन बदक लायसन या एकाच दुर्गम बेटावर उरले होते, म्हणून ते तिथलेच समजले जाई. त्याची जुनी हाडे मोठ्या बेटांवर सापडली, तेव्हा ते एकेकाळी द्वीपसमूहभर होते हे कळले; २००४ पासून त्याला त्याच द्वीपसमूहातील मिडवे बेटांवर नेऊन वसवण्यात आले. संवर्धनाचे उद्दिष्ट केवळ लिखित नोंदींवरून ठरवले, तर आधीच घडलेला विध्वंस मूळ स्थिती म्हणून स्वीकारला जातो. म्हणून बेटांवरील संवर्धनाच्या आराखड्यात जुन्या हाडांच्या साक्षीला पहिले स्थान द्यायला हवे.