महंतीचा अभ्यासक्रम : मराठवाड्यांतील दोन दाखले

हल्लीं तरुण मंडळांतून ‘नेतृत्व’ व ‘व्यक्तिमत्त्वविकास’ या नांवांचीं शिबिरें भरतात. राष्ट्र सेवा दल (१९४१) व पुण्याची ज्ञान प्रबोधिनी (१९६२) यांनीं या कार्यास महाराष्ट्रांत संस्थेचें रूप दिलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु ही कल्पनाच मुळीं परकी असून आपल्याकडे गुरुभक्ति होती, पुढारी घडविण्याची पद्धति मात्र नव्हती, असें म्हणणारे विद्वान् पुष्कळ भेटतात. या मताची परीक्षा मराठवाड्यांतील दोन दाखल्यांवरून करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादेस जातांना वाटेवर पडेगाव लागतें. तेथून पुढें थोड्याच अंतरावर देवगिरीचा किल्ला. या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशीं पैठणचा एकनाथ नांवाचा मुलगा शिकावयास राहिला. चरित्रकार सांगतात कीं, गुरूनें त्यास हिशेबाचें काम दिलें. एकदां एका पैचा मेळ बसेना, तेव्हां रात्रभर जागून त्यानें ती चूक हुडकून काढिली आणि आनंदानें टाळी वाजविली. ही कथा आख्यायिका होय. समकालीन कागद तिच्या पाठीशीं नाहीं. तथापि नाथांच्या उत्तरायुष्यांतील एक गोष्ट आख्यायिका नव्हे. शके १५०६ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढील लेखकांनीं मूळ पाठांत स्वतःची ओवी मिसळूं नये, अशी ताकीद देऊन ठेविली. पैची चूक शोधणारी दृष्टि व अपपाठ शोधणारी दृष्टि एकाच जातीची आहे. म्हणून कथा घडलेली असो वा नसो, ती रचणारांस नाथांच्या शिक्षणाचें मर्म नीट समजलें होतें, एवढें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

दुसरा दाखला याहून बळकट आहे, कारण तेथें अभ्यासक्रमच लिहिलेला सांपडतो. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब हें गांव जालना जिल्ह्यांत आहे. या जिल्ह्याचा बराचसा भाग १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. समर्थांचा जन्म शके १५३० चा. त्यांच्या दासबोधाकडे केवळ वेदान्तग्रंथ म्हणून पाहणारास त्याचा अर्धा भाग अनाकलनीय राहतो. अकराव्या दशकांत राजकारण, महंतलक्षण व निःस्पृह वर्तणूक यांवर स्वतंत्र समास आहेत. चौदाव्यांत भिक्षा, कवित्व, कीर्तन व चातुर्य. एकोणिसाव्यांत लेखनक्रिया, बुद्धिवाद, यत्न व पुन्हां राजकारण. विषयांचा अनुक्रमहि दिला आहे : प्रथम हरिकथानिरूपण, मग राजकारण, मग सर्व बाबतींत सावधपण, आणि चवथा साक्षेप, म्हणजे न थकतां केलेला उद्योग. भिक्षा ही उदरभरणासाठीं नसून घरोघरच्या माणसांची पारख करण्याचें निमित्त आहे, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. समर्थ व शिवछत्रपति यांची भेट शके १५७१ मध्यें झाली कीं १५९४ मध्यें, या जुन्या वादांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. तो कसाहि सुटला तरी हा अभ्यासक्रम ग्रंथांत आहे तसाच राहतो.

आमच्या वाचकांस विशेष मोलाचा समास एकोणिसाव्या दशकांतील पहिला होय. अक्षर वाटोळें, सरळ व मोकळें असावें. ओळीस ओळ लागूं नये. ग्रंथाचें पहिलें व शेवटचें अक्षर एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें. भोंवतीं समास सोडावा, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षर वांचेल. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, कारण म्हातारपणीं तें उपयोगी पडत नाहीं. ज्यानें जुनीं बाडें हाताळलीं आहेत, त्यास या सूचनांची किंमत निराळी सांगावयास नको. पुढारीपणाच्या शिक्षणांत हस्ताक्षरास एवढें स्थान कां? आमच्या मतें, स्वतःच्या पश्चात् येणाऱ्या अनोळखी वाचकाची काळजी वाहण्यास जो शिकला, त्याच्याच हातीं समुदाय सुरक्षित राहतो, हें समर्थांनीं ओळखलें होतें.

या पद्धतीची कसोटीहि ग्रंथांत आहे. महंतानें नुसते अनुयायी जमवूं नयेत. आपल्यासारखे दुसरे महंत तयार करून त्यांस देशोदेशीं पाठवावें. परंपरेप्रमाणें टाकळीचा मठ उद्धवांकडे आला तो त्यांच्या बालवयांत. कोल्हापुराकडील तरुण अंबाजी पुढें कल्याणस्वामी होऊन सीनाकांठीं डोमगावास राहिला. दिनकरस्वामींनीं तिसगावास मठ चालविला. हे सारे विरक्तांचे मठ, संसारी तरुणांस त्यांचा काय उपयोग, असा आक्षेप येईल. परंतु वर सांगितलेल्या विषयांपैकीं सावधपण, साक्षेप व शुद्ध लेखन यांस वैराग्याची अट नाहीं. आणि करंट्याचीं व सदैवाचीं लक्षणें सांगणारे समास तर संसारी माणसासच उद्देशून आहेत.

डोमगावची दासबोधाची प्रत कल्याणस्वामींच्या हातची मानली जाते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव (१८७१–१९५८) यांनीं मठोमठीं हिंडून तशीं बाडें जमविलीं, म्हणून आज समर्थसंप्रदायाचा अभ्यास होऊं शकतो. परंतु देवांच्या हातीं न लागलेलें साहित्य थोडें नसावें. गोदेच्या दोन्ही तीरांवरील घरांतून जीं रुमालबंद बाडें असतील, तीं ओल व कसर यांच्या स्वाधीन आहेत ; एक पावसाळासुद्धां एखाद्या बाडाचा शेवट करूं शकतो. तरुणांच्या शिबिरांस जर खरोखर कार्य हवें असेल, तर तें येथें आहे. चार मुलांनीं एका गांवीं जावें, मालकाचा विश्वास संपादावा, पानें मोजावीं, आरंभ व समाप्ति उतरून घ्याव्या, शक आढळल्यास तो नोंदावा, आणि बाड जसेंच्या तसें परत बांधून ठेवावें. यांत पारख, सावधपण, साक्षेप व लेखन हे चारहि विषय आपोआप येतात.

पडेगाव, दौलताबाद, पैठण व जांब या टापूंतील कोणाच्या संग्रहीं महंतांचीं पत्रें, मठांचे हिशेब किंवा शिष्यांच्या हातच्या नकला असतील, त्यांनीं त्यांची पानें व लेखनकाल कळविण्याची कृपा करावी. मूळ कागद पाठविण्याची गरज नाहीं. सुवाच्य नक्कल पुरे. समर्थांनीं सांगितलेला समास मात्र चारी बाजूंनीं सोडावा.