मिल्डनहॉल ते मेलबर्न : एका विमानशर्यतीची पुनर्रचना आणि तिची मर्यादा

ऐतिहासिक प्रवासांची प्रत्यक्ष पुनरावृत्ती करून त्यांच्याविषयी काही निष्कर्ष काढण्याची पद्धत नवी नाही. १९४७ साली थोर हायरडाल ह्याने बाल्सा लाकडाच्या तराफ्यावरून पॅसिफिक महासागर ओलांडला, त्या वेळेपासून ह्या पद्धतीच्या प्रामाण्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. गेल्या काही दशकांत तिला एक नवे रूप प्राप्त झाले आहे. संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचा आभास निर्माण करणारी जी 'फ्लाइट सिम्युलेटर' नावाची साधने आहेत, त्यांच्या साहाय्याने हौशी अभ्यासक जुन्या विमानमार्गांची पुनर्रचना करू लागले आहेत. आणि अशा उपक्रमांत १९३४ च्या मॅकरॉबर्टसन शर्यतीचा मार्ग विशेष प्रिय ठरला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विमानोड्डाणाच्या शतकपूर्तीच्या निमित्ताने २००३ साली जी आवृत्ती प्रसिद्ध केली, तीत ह्या शर्यतीतील विजयी विमानाच्या जातीचा, म्हणजे डी हॅविलंड कंपनीच्या 'कॉमेट'चा, मुद्दाम समावेश करण्यात आला होता. तेव्हा अशा पुनर्रचनेतून इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

शर्यतीची हकीगत थोडक्यात अशी. मेलबर्न शहराच्या शताब्दीनिमित्त तेथील मिठाईचे कारखानदार सर मॅकफर्सन रॉबर्टसन ह्यांनी १५,००० पौंडांची बक्षिसे जाहीर केली. २० ऑक्टोबर १९३४ रोजी पहाटे इंग्लंडमधील मिल्डनहॉल येथील लष्करी विमानतळावरून २० विमाने निघाली. बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि चार्लव्हिल ह्या पाच ठिकाणी उतरणे प्रत्येकास बंधनकारक होते. ह्यांखेरीज वाटेत २२ ठिकाणी पेट्रोल व तेल ह्यांची सोय करून ठेवण्यात आली होती. एकंदर अंतर सुमारे ११,३०० मैल. सी. डब्ल्यू. ए. स्कॉट आणि टॉम कॅम्बेल ब्लॅक ह्यांनी 'ग्रोव्हनर हाउस' नावाच्या कॉमेट विमानातून ते सुमारे ७१ तासांत तोडले. दुसरे आले ते डच के.एल.एम. कंपनीचे 'औव्हर' हे डग्लस डीसी-२ विमान. त्यास ९० तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पण ते शर्यतीचे विमान नव्हते. ते नेहमीच्या वाहतुकीचे विमान होते, आणि त्यात टपालाच्या थैल्यांबरोबर तीन उतारूही होते. शर्यतीच्या निकालापेक्षा ही एक गोष्ट पुढील काळाच्या दृष्टीने अधिक बोलकी होती, असे तेव्हाही अनेकांना वाटले आणि ते खरेच होते.

आता पुनर्रचनेच्या गुणांकडे प्रथम पाहावे. विमान हे यंत्र म्हणून कसे वागत असे, हे लिखित साधनांवरून कळणे कठीण असते. कॉमेटमध्ये पेट्रोलच्या मोठ्या टाक्या वैमानिकांच्या पुढे नाकाडाच्या भागात बसविलेल्या होत्या व दोघे वैमानिक त्यांच्या मागे एकापाठोपाठ एक बसत. चाके हाताने चक्र फिरवून वर घ्यावी लागत. पंख्याच्या पात्यांचा कोन उड्डाणापूर्वी हवा भरून एका स्थितीत आणावयाचा आणि वेग वाढला की ती हवा निघून जाऊन पाती दुसऱ्या स्थितीत जावयाची, अशी योजना होती. ती पुन्हा पहिल्या स्थितीत आणणे जमिनीवर उतरल्यावाचून शक्य नसे. ह्याचा अर्थ असा की, उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा झटकन वर चढून दुसरा प्रयत्न करण्याची मोकळीक वैमानिकास फार थोडी होती. हे वाक्य वाचणे आणि पडद्यावरील कॉमेटच्या लांब नाकाडामुळे धावपट्टी दिसेनाशी होते तो क्षण अनुभवणे, ह्यांत फरक आहे. ह्या बाबतीत उड्डाणाभास वाचकाच्या कल्पनाशक्तीला मोठे साहाय्य करतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

त्याचा दुसरा उपयोग गणिताचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा मानावयास हवा. जिम व एमी मॉलिसन हे दांपत्य 'ब्लॅक मॅजिक' ह्या दुसऱ्या कॉमेटमधून मिल्डनहॉलहून बगदादपर्यंत कोठेही न थांबता गेले व कराचीपर्यंत आघाडीवर होते. कराचीहून अलाहाबादकडे रात्री जाताना ते वाट चुकून जबलपूर येथे उतरले. नकाशावर मोजून पाहता कराची ते अलाहाबाद हे सरळ अंतर सुमारे ९३० मैल, तर कराची ते जबलपूर सुमारे ८२० मैल भरते आणि ह्या दोन दिशांत दहा-अकरा अंशांचा फरक पडतो. हा फरक केवळ वाऱ्याने पडला असे मानावयाचे, तर ताशी २२० मैलांच्या वेगाने जाणाऱ्या विमानावर उत्तरेकडून ताशी सुमारे ४० मैलांचा आडवा वारा पावणेचार तास सतत वाहत असला पाहिजे. त्या ऋतूत ह्या प्रदेशावर असा वारा खालच्या थरांत सलग टिकणे संभवनीय दिसत नाही. अर्थात सबंध वाट सरळ रेषेत कापली गेली असे येथे गृहीत धरलेले आहे, आणि ते बरोबर असेलच असे नाही. तरीही चूक वाऱ्याची कमी आणि दिशाज्ञानाची अधिक, ह्या अनुमानाकडे हे गणित झुकते. असे अनुमान तपासून पाहण्यासाठी एकच टप्पा निरनिराळ्या वाऱ्यांत पुनःपुन्हा उडवून पाहण्याची सोय ज्या साधनात आहे, ते संशोधनाचे साधन म्हणण्यास हरकत नाही.

परंतु जबलपूरला उतरल्यानंतर जे घडले, तेथे हे साधन संपते. कॉमेटच्या इंजिनांना उच्च प्रतीचे पेट्रोल लागे. ते अलाहाबादला ठेवलेले होते, जबलपूरला नव्हते. तेथील एका बस कंपनीकडून मिळाले ते साधे पेट्रोल भरून मॉलिसन दांपत्य उडाले. त्या पेट्रोलाने इंजिनाचा एक पिस्टन जाम झाला व ते एका इंजिनावर कसेबसे अलाहाबादला पोहोचले. त्यांची शर्यत तेथे संपली. आघाडीवरील विमानाचा निकाल आकाशात लागला नाही. मध्य प्रांतातील एका गावी कोणत्या प्रतीचे पेट्रोल उपलब्ध होते, ह्या गोष्टीने तो लागला. पडद्यावर मात्र कोणत्याही विमानतळावर उतरून एक कळ दाबली की टाक्या भरतात, आणि त्या पेट्रोलाला प्रत नसते.

अलाहाबादच्या बमरौली विमानतळावर घडलेली दुसरी घटना ह्याच प्रकारची आहे. डच 'पांडर' विमान तेथे उतरताना त्याच्या चाकांची मोडतोड झाली. दुरुस्ती करून २६ ऑक्टोबरच्या रात्री ते पुन्हा निघाले, तो धावपट्टीवर प्रकाशझोताचे साधन वाहून नेणाऱ्या एका गाडीवर आदळून पेटले. वैमानिक बचावले, विमान जळून गेले. अंधारात वाट दाखविण्यासाठी आणलेली वस्तूच अपघातास कारण व्हावी, ही विसंगती त्या काळच्या विमानतळांची खरी अवस्था सांगून जाते. बमरौली येथे रात्री विमान उतरविणे व उडविणे हे कामगारांचे, गाड्यांचे आणि हातवाऱ्यांचे काम होते. उड्डाणाभासातील बमरौलीला रिकामी, स्वच्छ, सिमेंटची धावपट्टी आहे.

ह्याहून सूक्ष्म आणि म्हणूनच अधिक फसवी अशी एक अडचण आहे. आधुनिक उड्डाणाभासातील भूप्रदेश उपग्रहांनी टिपलेल्या आजच्या छायाचित्रांवरून तयार केलेला असतो. त्यामुळे जबलपूरकडे वाट चुकलेल्या आजच्या अभ्यासकाला नर्मदेवरील बरगी धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसतो, जो १९३४ मध्ये अस्तित्वातच नव्हता. रात्रीच्या उड्डाणात तर हा कालविपर्यास फारच वाढतो. आज गंगा-यमुनेच्या मैदानावर शहरांच्या दिव्यांची एक अखंड माळ दिसते; नकाशा न उघडताही अलाहाबादचा अंदाज बांधता येतो. १९३४ च्या ऑक्टोबरातील अंधाराची कल्पना त्या उजेडात करता येत नाही. वस्तुतः मॉलिसन वाट का चुकले, ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या अंधारात आहे; आणि तो अंधार साधनातून नाहीसा केल्यावर राहिलेल्या अर्ध्या उत्तराला पुरावा म्हणणे धाडसाचे ठरते. ज्या अभ्यासकांना हे जाणवते, ते वस्त्यांचे दिवे मुद्दाम बंद करून उडतात. हा उपाय स्थूल असला तरी दिशा योग्य आहे.

हे दोष तांत्रिक आहेत, पुढेमागे दूर होतील, असे म्हणता येईल. पण प्रश्न त्याहून खोल आहे. इंग्रज तत्त्वज्ञ कॉलिंगवुड ह्याने इतिहास म्हणजे भूतकाळातील विचाराचे इतिहासकाराच्या मनात होणारे पुनर्घटन, असा जो सिद्धान्त मांडला, त्यात त्याने संवेदना बाजूस ठेवून विचारावर भर दिला होता. गेलेला थकवा किंवा भीती पुन्हा भोगता येत नाही. पण कोणत्या परिस्थितीत कोणता निर्णय कोणत्या कारणाने घेतला गेला, हे पुन्हा विचारात आणता येते. उड्डाणाभास नेमके उलट करतो. तो दृश्ये आणि संवेदना पुरवितो, निर्णयामागील परिस्थिती मात्र वगळतो. साधे पेट्रोल भरून निघावे की योग्य पेट्रोल येईपर्यंत थांबून शर्यत गमवावी, हा जबलपूरचा पेच पडद्यासमोर बसलेल्यास पडतच नाही.

हे यंत्र मुळात कशासाठी निर्माण झाले, हे आठवले म्हणजे त्याचे आश्चर्य वाटणार नाही. एडविन लिंक ह्या अमेरिकन गृहस्थाने वडिलांच्या ऑर्गन-कारखान्यातील भात्यांचा उपयोग करून १९२९ च्या सुमारास उड्डाणाचे पहिले व्यवहार्य शिक्षणयंत्र तयार केले. १९३४ मध्ये, म्हणजे शर्यतीच्याच वर्षी, टपाल वाहताना झालेल्या वैमानिकांच्या मृत्यूंनंतर अमेरिकन सैन्याने त्यांतील सहा यंत्रे विकत घेतली. ढगांत काही दिसत नसता केवळ उपकरणांकडे पाहून विमान कसे चालवावे, हे शिकविणे एवढाच त्याचा हेतू होता. जमिनीशी त्याला कर्तव्य नव्हते, आणि त्याच्या वंशजांनाही फारसे नाही.

ह्या दृष्टीने प्रत्यक्ष पुनरावृत्तीचे एक उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे. जे. आर. डी. टाटा ह्यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी 'पस मॉथ' विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस, जुहूच्या विमानतळावर, टपाल आणले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास 'लेपर्ड मॉथ' विमानातून पुन्हा केला. तेव्हा कराची दुसऱ्या राष्ट्रात गेलेली होती. १९३२ मध्ये जो एका साम्राज्याच्या अंतर्गत टपालाचा टप्पा होता, तो १९८२ मध्ये दोन सरकारांच्या संमतीवाचून ओलांडता येत नव्हता. मार्ग, अंतर, एंजिनाचा आवाज ह्यांत साम्य असूनही प्रवासाची राजकीय भूमी पालटली होती, आणि पुनरावृत्ती करणाऱ्यास तिच्याशी सामना करावाच लागला. संगणकाच्या पडद्यावर कराची ते अलाहाबाद ह्या रेषेत सीमा नसते.

मॅकरॉबर्टसन शर्यतीच्या मार्गालाही अशीच भूमी होती. ब्रिटिश व डच टपालविमानांनी आधी घालून दिलेल्या वाटेवरच तो बहुतांशी आखलेला होता. के.एल.एम.ची ॲमस्टरडॅम-बटाव्हिया विमाने जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता ह्या मार्गाने नियमित जात. 'औव्हर'च्या वैमानिकांना ही वाट परिचयाची होती. त्यांचे यश विमानाइतकेच ह्या परिचयाचे होते, असे मानण्यास जागा आहे. ऑस्ट्रेलियात, म्हणजे परिचय संपला तेथे, तेही रात्रीच्या वादळात वाट चुकले. त्या वेळी ऑल्बरी गावाच्या विद्युत अभियंत्याने रस्त्यांवरील दिवे उघडझाप करून मोर्स लिपीत गावाचे नाव आकाशाला कळविले. नभोवाणीवरून मोटारमालकांना शर्यतीच्या घोड्यांच्या मैदानावर येण्याचे आवाहन करण्यात आले आणि त्यांच्या गाड्यांच्या दिव्यांच्या उजेडात विमान उतरले. सकाळी चिखलात रुतलेले ते विमान गावकऱ्यांनी दोर लावून ओढून काढले, आणि वजन कमी करण्यासाठी उतारूंना मागे ठेवून ते मेलबर्नकडे गेले. अधिभार-पद्धतीच्या विभागातील पहिले बक्षीस त्यास मिळाले.

ऑल्बरीची ही रात्र उड्डाणाभासात आणावयाची, तर विमानाची नव्हे तर गावाची पुनर्रचना करावी लागेल : वीजकेंद्र, नभोवाणी केंद्र, रस्त्यांवरील दिवे, मोटारमालकांची वस्ती, त्या दिवशीचा पाऊस. त्यासाठी लागणारी साधने वैमानिकांच्या नोंदवह्यांत नाहीत. ती नगरपालिकेच्या दप्तरांत आणि स्थानिक वृत्तपत्रांत शोधावी लागतात. जबलपूर आणि बमरौली ह्यांच्याविषयीही हेच म्हणावे लागेल. आणि ह्या दोन ठिकाणांचे काम भारतीय अभ्यासकाला जितके सोयीचे आहे तितके दुसऱ्या कोणास नाही. जबलपूरच्या बस कंपनीकडे त्या रात्री किती पेट्रोल होते आणि ते कोणी, किती वाजता, कोणाच्या सांगण्यावरून आणून दिले, येथून त्या कामास आरंभ करता येईल.