अर्धी उरलेली बाटली

सोलापूरच्या भवानी पेठेत वडिलांनी किराणा दुकान काढलं तेव्हा भांडी घासायची एकही वस्तू त्यात विकायला नव्हती. अशी वस्तू विकत घ्यायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. आमच्या भागात एका घरात माग, दुसऱ्या घरात विड्या, आणि कित्येक घरांत दोन्ही. विडीसाठी तेंदूचं पान मापाने कापलं की कडेचं कात्रण उरायचं, ते अंघोळीच्या बंबात जायचं. बंबाची राख, चुलीतल्या गोवऱ्यांची राख, तुराट्यांची राख. ती चाळून मोरीशेजारच्या डब्यात ठेवली की वर्षभराची सोय झाली. राखेतल्या क्षाराने तेलकटपणा सुटतो. घासायला नारळाची शेंडी, तांब्यापितळेला चिंच. यातलं जे उरेल ते उकिरड्यावर जायचं आणि उकिरडा उन्हाळ्यात गाडीने शेतात. ‘विल्हेवाट’ हा शब्द पोलिसांच्या बातम्यांतच वाचायला मिळे.

आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि उधारी मागायची झाली तर कानडीसुद्धा. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, सगळी पेठ त्यांना सावकार म्हणायची. नायनांच्या दुकानात धुण्याचा सोडा, रिठे, शिकेकाई आणि टाटांच्या 501 साबणाचा लांब बार असे. काळं फिनाइल मोठ्या डब्यातून सुटं मिळे. गिऱ्हाइकाने बाटली आणायची, त्यात पळीने मापून द्यायचं. बाटली नाही तर फिनाइल नाही. दुधाच्या किंवा गोडेतेलाच्या भांड्यात ते कुणी कितीही गयावया केली तरी घालायचे नाहीत. महिन्याने तीच बाटली परत दुकानात. फेकायला ना फिनाइल उरे, ना बाटली. त्या वेळी हे कुणाला शहाणपण वगैरे वाटत नव्हतं. गरिबी होती, एवढंच.

घराघरांत फिनाइलची ओळख झाली त्यात मोठा हात प्लेगचा. 1896 साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला आणि सोलापूरलाही साथीने गाठलं. सोलापूरला नगरपालिका 1852 पासून होती, म्हणजे तोवर ती चाळीस वर्षांहून जुनी झालेली, पण घराच्या आत शिरून तिथला वास बदलण्याचं काम प्लेगने केलं. कार्बोलिक, फिनाइल, चुना. लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले आणि मागे राहिलेली घरं औषधाने धुतली गेली. तेव्हापासून तो वास म्हणजे स्वच्छता, अशी आपली खात्री झाली. आजही माझं गिऱ्हाईक बाटलीवर काय छापलंय ते वाचत नाही, झाकण उघडून हुंगतं.

ब्लीचिंग पावडर मात्र आमच्याकडे घरात आली ती मागाच्या वाटेने, असं माझं मत आहे. ती जन्मलीच कापडासाठी. पूर्वी युरोपात कापड पांढरं करायला ते क्षारात उकळून, आंबट ताकात बुडवून महिनोन्महिने गवतावर उन्हात पसरावं लागे. 1799 साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून ही पावडर करण्याचं पेटंट घेतलं आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, पाठोपाठ आणखी आल्या. पेठापेठांतून चादरी आणि टॉवेल विणले जाऊ लागले, आणि मागाला सूत पुरवायचं तर डाईंग आलंच. डाईंगवाल्यांच्या अंगणात कॉस्टिक, हायड्रो, ब्लीचिंग ही नावं हळद-मिठासारखी तोंडात असत. तिथे काम करणारा माणूस पुडीभर ब्लीचिंग घरी आणायचा, हौद घासायला.

पण त्याबरोबर तो अक्कलही आणायचा, हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या गल्लीत डाईंगमध्ये आयुष्य घालवलेले एक म्हातारे होते. लडी कॉस्टिकमधून काढून काढून त्यांच्या बोटांची कातडी पार गेलेली. ते अक्षरशत्रू होते, पण ॲसिडचा कॅन आणि ब्लीचिंगचा डबा एका खोलीत ठेवू देत नसत. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो. 1915 साली बेल्जियममध्ये ईप्र इथे जर्मनांनी खंदकांवर सोडला तोच वायू. म्हाताऱ्यांना ईप्र माहीत नव्हतं, पण धडा माहीत होता. पुढे या साऱ्या वस्तू रंगीत बाटल्यांत घालून घरोघरी पोचल्या, धडा मात्र डाईंगमध्येच राहिला.

भांडी घासण्यात बदल झाला तो स्वयंपाकाच्या गॅसमुळे. जाहिरातींमुळे झाला असं म्हणतात, पण मी गल्ल्यावर बसून पाहिलंय. सर्फ भारतात 1959 साली आला, निरमा 1969 साली अहमदाबादेत सुरू झाला. दोन्हींनी कपडे जिंकले. भांडी मात्र चूल होती तोवर राखेकडेच राहिली. ज्या घरात सिलिंडर आला त्या घरातली बाई पुढच्या महिन्यात भांड्याची पावडर मागायला आली. राख संपली होती हो, दुसरं काय करणार?

तसंच संडासाचं. पेठेतल्या बोळांत टोपलीचे संडास होते. ते साफ करणाऱ्या माणसांचे हाल इतके की 1949 साली मुंबई सरकारला त्यासाठी बर्वे समिती नेमावी लागली. डोक्यावरून मैला वाहायला बंदी करणारा केंद्राचा कायदा यायला मात्र 1993 उजाडलं. टोपल्या गेल्या हे फार बरं झालं. त्यांच्या जागी पांढरी भांडी आली, आणि इथे सोलापूरचं पाणी आडवं आलं. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून वापराला बोअर. बोअरचं पाणी जड, फरशीवर आणि भांड्यावर त्याचा पांढरा थर बसतो. तो साबणाने निघत नाही, ॲसिडने निघतो. इतकं ॲसिड इथे खपतं त्याचं कारण आमची माणसं जास्त घाणेरडी किंवा जास्त टापटिपीची आहेत असं नाही, कारण जमिनीखालचं पाणी आहे.

2013 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ला सोसलेल्या लक्ष्मी यांच्या याचिकेवर ॲसिडच्या सुट्या विक्रीला लगाम घातला. ओळखपत्र बघा, वहीत नाव-पत्ता लिहा, अठरा वर्षांखालच्याला देऊ नका. मी ॲसिड ठेवणंच बंद केलं. हातगाडीवाला मात्र गल्लीत येतच राहिला. त्याच्याकडचं ॲसिड आणि पांढरं फिनाइल पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत. पांढरं फिनाइल पाण्यात पडलं की दुधासारखं दिसतं. नायनांचा तो नियम मला तेव्हा कळला.

तर आता प्रश्न उरलेल्या अर्ध्या बाटलीचा. घर बदलताना, दिवाळीच्या साफसफाईत, सासू गेल्यावर तिचं कपाट आवरताना ती सापडतेच. ब्लीचिंग पावडरचं तर आमच्या उन्हाळ्यात फारच लवकर वाटोळं होतं. ताज्या पावडरीत साधारण तिसरा हिस्सा कामाचा क्लोरीन असतो, उष्णतेने आणि दमटपणाने तो उडत जातो आणि चुना मागे राहतो. ही शिळी पावडर आणि ते उरलेलं ॲसिड लोक एकाच पिशवीत घालून घंटागाडीत टाकतात. पिशवी दाबली गेली की पुढे काय होतं ते डाईंगच्या म्हाताऱ्यांनी सांगितलंच आहे. फरक इतकाच की वास घेणारा सफाई कामगार असतो, टाकणारा नव्हे. उघड्या गटारात ओतलं तर ते नाल्यात जातं. सेप्टिक टँकमध्ये बाटलीच्या बाटली ओतली तर मैला पचवणारे जिवाणू मरतात आणि टाकी महिन्यांत तुंबते.

परदेशी माहितीपत्रकं सांगतात, साबणासारखी पाण्यात विरघळणारी वस्तू असेल तर भरपूर पाणी सोडून मोरीत वाहू द्या. सल्ला चुकीचा नाही. पण भवानी पेठेत भरपूर पाणी सोडायला सांगणाऱ्याने आधी आमच्याकडे पाणी येण्याच्या रात्री पहाटेपर्यंत जागून दाखवावं. म्हणून मला नायनांच्या काळातली रीत जास्त पटते. ओतून टाकू नका, वापरून संपवा. फिनाइल उरलं तर शेजारी द्या, जिना पुसायला द्या, देवळाच्या किंवा तालमीच्या संडासाला द्या. द्यायचं ते मूळ बाटलीत, मूळ चिठ्ठीसकट. दोन बाटल्यांतलं उरलेलं एका बाटलीत करू नका, दोन्ही फिनाइलच दिसली तरी नको. रिकामी बाटली विसळा आणि ते पाणी त्याच कामाला वापरा. ॲसिडची बाटली अर्धी भरलेली असताना भंगारवाल्याला देऊ नका, त्याची पोरं ती उघड्या हातांनी निवडतात.

हे घरातल्या घरात झालं. महापालिकेचं काम वेगळं. 2016 च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा हा स्वतंत्र प्रकार धरला होता. त्या यादीत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, ट्यूबलाइट, जुनी औषधं, बॅटऱ्या, सुया होत्या. फिनाइल-ॲसिडचं नाव नव्हतं, पण यादी ‘इत्यादी’ म्हणून संपत होती आणि ॲसिडला त्या इत्यादीत जागा नसेल तर कशाला असेल? त्याच नियमांत दर वीस चौरस किलोमीटरला असा कचरा जमा करण्याचं एक केंद्र सांगितलं होतं. 1992 च्या हद्दवाढीनंतर सोलापूर सुमारे 178 चौरस किलोमीटरचं झालं. हिशेब दुकानदाराचा आहे, चुकायचा नाही: शहराला नऊ केंद्रं. त्यातलं एक विभागीय कार्यालयाच्या आवारात ठेवलं, एक पत्र्याची शेड आणि हातमोजे घातलेला एक माणूस दिला, तर भवानी पेठेतल्या बायका उरलेल्या बाटल्या स्वतः आणून देतील.

ते होईपर्यंत एवढं करा. झाकण घट्ट लावा, बाटली वेगळ्या पिशवीत उभी ठेवा, आणि घंटागाडीवरच्या ताईंच्या हातात देताना तोंडाने सांगा, की यात ॲसिड आहे.