अशक्तपणाची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात भाजीमंडईच्या आसपास दवाखाना थाटून बसलेल्या कोणाही डॉक्टरास एक कैफियत वारंवार ऐकावी लागते: अशक्तपणा फार वाटतो, हातपाय गळून जातात, डोके जड राहते, रक्त, साखर, थायरॉईड सारे तपासले तरी अहवाल ‘नॉर्मल’ येतात, आणि रोगी सलाईन लावून घेऊन घरची वाट धरतो.

या तक्रारीस वैद्यकाच्या दप्तरात मानाचे स्थान मिळाले ते 1869 साली, न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी तिला ‘न्यूरास्थेनिया’ हे नाव देऊन ते रूढ केले तेव्हा. मज्जातंतूंची शक्ती खर्ची पडल्याने माणूस खचतो, असे निदान करणाऱ्या बिअर्ड यांनी या खर्चाचा दोष मात्र वाफेच्या यंत्रावर, तारायंत्रावर आणि वृत्तपत्रांवर, म्हणजे एकूण नव्या जीवनक्रमावर ठेवला. वेडाचा कलंक न लावता दुःख सांगू देणारे हे नाव युरोपातून जपान-चीनपर्यंत पोहोचले. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या वर्गीकरणातून ते वगळले. त्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात या निदानाचे 100 रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतील 87 जण तीव्र नैराश्याने ग्रासलेले आढळले. सांस्कृतिक क्रांतीचे घाव सोसलेल्या आणि निराशा हीच राजकीय आगळीक ठरू शकणाऱ्या त्या समाजात थकवा तेवढा निर्धास्तपणे सांगता येत होता.

महाराष्ट्रात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. वासुदेव परळीकर आणि मिचेल वाइस यांनी मनोविकार, औषधवैद्यक, त्वचारोग व आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांतील थकव्याच्या रुग्णांचा अभ्यास करताना, त्यांचा अनुभव काय आणि ते त्याचे कारण काय मानतात, हे त्यांच्याच तोंडून समजून घेतले. पुढे 2013 साली अमेरिकन वर्गीकरणाने शारीरिक तक्रारींच्या रूपाने दिसणाऱ्या मनोविकारांसाठी असलेली ‘वैद्यकीय कारण सापडत नाही’ ही निदानाची अटच रद्द केली आणि लक्षणाने माणसाच्या विचारांवर व व्यवहारावर किती ओझे टाकले आहे, त्यास महत्त्व दिले.

यावरून तपासण्या निरर्थक ठरत नाहीत. रक्तक्षयाने येणारा अशक्तपणा आपल्याकडील स्त्रियांत सर्रास आढळतो, आणि तो प्रथम पाहिलाच पाहिजे. परंतु अहवाल निर्दोष आला म्हणून कैफियत खोटी ठरत नाही. कर्ज, सासुरवास, नोकरीची धास्ती यांची विचारपूस केल्यावाचून सलाईनची बाटली टांगणे म्हणजे फिर्याद न ऐकताच निकाल देणे होय.