वाकळ आणि नक्षी

शिवणकामांत रस घेणाऱ्या आमच्या सुशिक्षित भगिनींकडून एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. टाके येतात, हात बसलेला आहे, दोरेहि मनासारखे मिळतात. पण झबल्यावर किंवा उशीच्या अभ्र्यावर काढावयाचें काय? या प्रश्नाचें उत्तर बहुधा छापील नमुन्यांत शोधिलें जातें. ही संवय आजची नव्हे व केवळ आपलीहि नव्हे. युरोपांत भरतकामाच्या नमुन्यांचें पहिलें छापील पुस्तक ऑग्सबुर्ग शहरीं १५२४ च्या सुमारास निघालें. पुढें एकोणिसाव्या शतकांत बर्लिनच्या रंगीत चौकटींच्या कागदांनीं तर असा कहर केला कीं, तेच गुलाब आणि तेच पोपट देशोदेशींच्या दिवाणखान्यांतून लोकरींत अवतरले. आमच्या इकडेहि चौकटींत बसविलेला असा पोपट पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. परंतु ज्या स्त्रियांच्या हातीं नमुन्याचें पुस्तक कधीं पडलेंच नाहीं, त्यांना नक्षी सुचली कोठून? याचा उलगडा बंगालच्या कांथेंत जितका स्पष्टपणें होतो, तितका क्वचितच दुसरीकडे होतो.

कांथा म्हणजे मुळांत आपली वाकळच. शब्दहि मराठीला परका नाहीं. गोसाव्याच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्राला आपण कंथा म्हणतों, ती हीच. विटलेल्या साड्या व धोतरें एकावर एक अंथरावयाचीं, कडा शिवावयाच्या आणि साध्या धावदोऱ्यानें सारे थर एकजीव करावयाचे, एवढी तिची कृति. इतकें काम आपल्याकडील गोधडी शिवणारी बाईहि करते. मात्र बंगाली गृहिणी येथें थांबली नाहीं. जुन्या साडीच्या काठांतून तिनें रंगीत धागे उकलून काढले. जुन्या कांथेंत पांढऱ्या भूमीवर तांबडा, निळा व काळा हेच रंग प्रामुख्यानें दिसतात त्याचें कारण हेंच; रंगांची निवड बाजारानें केली नाहीं, घरांतल्या काठांनीं केली. मग ज्या धावदोऱ्यानें थर जोडावयाचे, त्याच धावदोऱ्यानें तिनें कमळ काढलें, मोर काढला. आणि आकृतींभोंवतालची मोकळी जागा बारीक पांढऱ्या टाक्यांनीं अशी भरून काढली कीं, कापडावर पाण्यासारख्या लहरी उठाव्या. आमच्या मतें कांथेचें सारें रहस्य येथें आहे. शिवण पुरी झाल्यावर तिच्यावर चढविलेला हा अलंकार नव्हे. शिवणीचा टाकाच चालतां चालतां नक्षी झाला.

आतां आकृतींविषयीं. मोठ्या कांथेच्या मध्यभागीं बहुधा शतदल पद्म असतें आणि चारी कोपऱ्यांतून मध्याकडे झुकणारीं झाडें किंवा कोयऱ्या असतात. ही मांडणी बंगाली स्त्रीला कोणीं शिकविली? तिच्या अंगणानें. व्रताच्या दिवशीं तांदळाच्या पिठाच्या पाण्यांत बोटें बुडवून ती जमिनीवर आलपना काढी. तेंच पद्म, तीच वेल दुसऱ्या प्रसंगीं सुईनें उमटे. अवनींद्रनाथ ठाकुरांनीं १९१९ सालीं ‘बांगलार ब्रत’ हें पुस्तक लिहून या आलपनांची थोरवी सुशिक्षितांच्या ध्यानीं आणून दिली. तोंवर त्यांना कला म्हणावयास फारसें कोणी धजत नव्हतें. उरलेल्या जागेंत फणी, आरसा, अडकित्ता, पालखी, होडी, रथ असा नित्याच्या दृष्टीचा संसार भरलेला असे. कांथा केवळ पांघरावयाची असेंहि नाहीं. पोथीचें बासन, आरशाचें वेष्टण, पैशांची थैली हीं तिचींच लहान भावंडें.

कोणी म्हणेल, ही तर परंपरेची घोकंपट्टी झाली. तसें नाहीं. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्यानें खेड्यापाड्यांतून ज्या कांथा जमविल्या, त्यांत मानदासुंदरी नांवाच्या खुलनेकडील एका स्त्रीची प्रसिद्ध कांथा आहे. ती तिनें आपल्या पित्यासाठीं शिवली व तसें सुईनेंच लिहून ठेविलें. तिच्यांत साहेब आहेत, शिपाई आहेत. बाईनें जें पाहिलें, तें पद्माशेजारीं नेऊन बसविलें. देशी कलेच्या सोवळेपणाची चिंता आमच्या पंडितांना, तिला ती शिवलीहि नाहीं. स्टेला क्रामरिश या विदुषीनें १९३९ मध्यें कांथेवर निबंध लिहिला. तिच्या संग्रहांतील कांथा पुढें फिलाडेल्फियाच्या संग्रहालयांत गेल्या. जसीमुद्दीनच्या १९२९ मधील ‘नक्शी कांथार माठ’ या काव्याची नायिका तर पति परागंदा झाल्यावर आपली सारी जीवनकथा कांथेवर भरते आणि ती आपल्या कबरीवर पसरावयास सांगते. कवीची ही कल्पना खरी. पण ज्या समाजांत स्त्रिया कांथेंत असें कांहीं लिहीत, तेथेंच ती सुचावी.

१९४७ च्या फाळणीनें जेसोर, खुलना, फरीदपूर हीं कांथेचीं माहेरघरें पूर्वेकडे राहिलीं. १९७१ मध्यें बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर तेथें आणि पश्चिम बंगालमध्येंहि या कामाचें पुनरुज्जीवन झालें, व सहस्रावधि गरीब स्त्रियांना त्यानें मिळकत दिली. याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि बाजारासाठीं होणारें बरेंचसें काम आतां नव्या टसरच्या साडीवर असतें. टोंचलेल्या कागदावरून नमुना कापडावर आधीं उमटवितात आणि बाईनें त्या रेषेवरून सुई चालवावयाची. टाका तोच, हातहि तोच. पण काय काढावें हें ठरविण्याचा तिचा अधिकार व्यापाऱ्याकडे गेला, ही हानि मिळकतीच्या हिशेबांत कोठेंच धरली जात नाहीं. तान्ह्या बाळासाठीं जुन्या मऊ साड्यांची लहान कांथा मात्र बंगाली घरांतून अजून शिवतात. तिच्यावर सहसा कसलीहि रेषा आधीं आंखलेली नसते.