मागचा माणूस

एसटी फलाटाला नाक लावून उभी राहते, म्हणून स्टँडातून निघताना तिला आधी मागे यावं लागतं. खामगाव घ्या, चिखली घ्या, मेहकर घ्या. ड्रायव्हरने गिअर टाकायच्या आत कंडक्टर गाडीच्या मागच्या कोपऱ्याला जाऊन उभा असतो, तोंडात शिट्टी. एका हाताने तो म्हाताऱ्यांना, पिशव्यांना, रसवंतीकडे पळणाऱ्या पोरांना बाजूला करतो आणि दुसऱ्या हाताने गाडीला बोलावतो. ट्रकच्या मागे हेच काम किन्नर करतो. "येऊ द्या, येऊ द्या, लेफ्ट काट, सरळ कर, बस्स!" आणि पत्र्यावर एक सणसणीत थाप. हल्ली कारच्या डिक्कीवर हजार-पाचशेचा कॅमेरा घरच्या घरी बसवतात, तो या माणसाचा वारस. म्हणून त्याची कुळकथा कारखान्यातून सुरू करण्यात अर्थ नाही.

मागे जाण्याची अडचण खरं तर मोटारीनेच आणली. बैलगाडी मागे घ्यायची तर धुरकरी खाली उतरतो, बैलांच्या समोर येतो आणि जू धरून मागे रेटतो. गाडी जिकडे चाललीय तिकडेच त्याचं तोंड असतं. रेल्वेने तर मागे बघायला पगारी माणूसच ठेवला. जलंबहून खामगावला जाणारा आठ मैलांचा फाटा कापसासाठी १८७० साली सुरू झाला, म्हणजे आपल्या जिल्ह्यात मोटार यायच्या कितीतरी आधी गार्ड येऊन हिरवा-लाल झेंडा धरून बसला होता. (२०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणायचं असा आदेश आहे; लोक अजून गार्डच म्हणतात.) मोटारीने मात्र माणसाला पुढे तोंड करून बसवलं आणि वर मागे जायलाही लावलं.

या कुळातला पहिला मोठा पुरुष म्हणजे आरसा. इंग्लंडच्या डोरोथी लेव्हिट या मोटार चालवणाऱ्या बाईने १९०९ च्या आपल्या पुस्तकात बायकांना सल्ला दिला होता की जवळ एक हातातला आरसा ठेवा, मागचं बघायला कामी येतो. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, अमेरिकेतली इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते सांगायचा. रे हॅरूनची मार्मन गाडी एकट्यापुरतीच होती. बाकीच्यांनी तक्रार केली की याला मागचं कोण सांगणार? त्याने समोर आरसा बसवला, आणि शर्यत जिंकली. विटांच्या त्या रस्त्यावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं, हे त्याने नंतर सांगून टाकलं. पण वंशावळीत ही नोंद महत्त्वाची: आरसा आला तो गाडीतला दुसरा माणूस कमी केला म्हणून. आज एसटीच्या विनावाहक गाडीपुढे तोच प्रश्न उभा आहे.

पुढे कुळाच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा मागच्या लोकांना सांगते, बाजूला व्हा. दुसरी ड्रायव्हरला सांगते, तू बघ. जपानच्या यामागुची इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ मध्ये ट्रकसाठी मागे जाताना वाजणारा भोंगा काढला, तो पहिल्या शाखेतला. आपल्याकडे ही शाखा फार फोफावली. गाडी रिवस टाकली की धून वाजणारी ती डबी आठवत असेल. गल्लीत पहाटे कोणाची गाडी निघाली ते गाण्यावरून कळायचं. मला ही शाखा मनापासून आवडत नाही. ती जबाबदारी मागे उभ्या असलेल्याच्या गळ्यात घालते, आणि मागे रांगतं मूल असेल किंवा ऐकू न येणारे आजोबा असतील, तर तिचा काही उपयोग नाही. आपला कायदा दुसऱ्या शाखेच्या बाजूने होता. १९८९ च्या रस्ता नियमावलीत म्हटलं होतं की कुणाला धोका होणार नाही याची आधी खात्री करावी आणि गाडी वळवायला लागेल तेवढंच मागे जावं. या अंतराच्या अटीतून फक्त रोड रोलरला सूट होती, आणि ती रास्तच.

दुसऱ्या शाखेत दूरचित्रवाणीचा कॅमेरा आला १९५६ मध्ये. जनरल मोटर्सने ब्यूइक सेंच्युरियन नावाची प्रदर्शनाची गाडी केली, तिला आरसाच नव्हता; शेपटीत कॅमेरा आणि डॅशबोर्डवर पडदा. ती विकायला कधी आली नाही. व्होल्व्होने १९७२ च्या प्रायोगिक सुरक्षा गाडीत मागचा कॅमेरा दाखवला. मधल्या काळात, १९६९ मध्ये, बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चित्र टिपणारी चिप शोधून काढली आणि कॅमेऱ्यातली काचेची मोठी नळी जायची वाट मोकळी झाली. त्या दोघांचं २००९ चं नोबेल त्यासाठीच. म्हणून १९९१ मध्ये जपानी बाजारातल्या टोयोटा सोअररच्या मागच्या स्पॉयलरमध्ये कॅमेरा मावू शकला. ही सगळी श्रीमंतांची हौस होती.

हौस संपून सक्ती आली ती एका दुःखातून. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ दोन वर्षांचं मूल घरासमोरच वडिलांच्या मागे येणाऱ्या उंच गाडीखाली सापडलं. त्या मुलाच्या नावाचा कायदा अमेरिकेत २००८ मध्ये झाला. त्याचे नियम व्हायला आणखी सहा वर्षं गेली आणि १ मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा आवश्यक झाला. तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याचा अंदाज होता की अशा अपघातांत दरवर्षी सुमारे २१० माणसं दगावतात आणि १५,००० जखमी होतात. भारताने १ जुलै २०१९ पासून नव्या कारना पार्किंग सेन्सर लागू केले, कॅमेरा नाही. सेन्सर टूं-टूं करतो, पण मागे दगड आहे की बकरी ते सांगत नाही. आपल्याकडे गावोगाव बोलेरो; मागच्या दारावर स्टेपनी, म्हणजे काचेतून दिसायचं ते आणखी कमी. कॅमेरा कंपनीकडूनच हवा तर बहुतेक वेळा वरचं मॉडेल घ्यावं लागतं. या फटीतूनच घरी कॅमेरा बसवायचा उद्योग उगवला.

आमच्याकडे तो उद्योग भाच्याने केला. डिक्कीच्या आतलं प्लास्टिक त्याने जुन्या एटीएम कार्डाने क्लिपा न मोडता सोडवलं आणि रिव्हर्स लाइटची वायर शोधायला टेस्ट लॅम्प काढला. "मामा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करू नका, फक्त चावी फिरवा अन् रिवस टाका." लॅम्प पेटला ती वायर आपली. कॅमेऱ्याची लाल वायर तिला, काळी बॉडीला. रिव्हर्सचा दिवा साधारण २१ वॉटचा असतो, कॅमेऱ्याला त्यापुढे चिमूटभर वीज लागते, त्यामुळे त्या वायरवर भार पडत नाही. सांधे जोडण्याआधी बॅटरीची मायनस त्याने काढून ठेवली. सांध्यावर टेप नको म्हणाला. घाटाखाली, शेगाव-नांदुऱ्याच्या मे महिन्यात टेपचा डिंक पाघळतो. त्याने हीट श्रिंकची नळी चढवून लायटरने आवळली.

अवघड जागा एकच: डिक्कीचं दार आणि छत यांच्यामधली रबरी नळी. आधीच्या वायरींनी ती ठासून भरलेली असते. तिच्यातून कडक तार घालायची, तारेला कॅमेऱ्याच्या वायरीची पिवळी पिन बांधायची, साबणाचं पाणी लावायचं आणि शिव्या न देता ओढायचं. नळी टाळून वायर दाराच्या फटीतून घेतली तर पहिल्या पावसात पाणी आत येतं आणि दार आपटून आपटून वायर तुटते ते वेगळंच. खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्यायची, वरून कधीच नाही. मग उंबऱ्याच्या पट्टीखालून पुढे, स्टिरिओच्या पाठीमागे.

ती पिवळी पिनही खानदानी आहे. अमेरिकेच्या आरसीए कंपनीने रेडिओला ग्रामोफोन जोडायला काढलेली जोडणी ती. आपण तिला ओळखतो व्हीसीडी-डीव्हीडी प्लेअरच्या मागून: लाल-पांढरी आवाजाला, पिवळी चित्राला. गाडीच्या पिवळ्या वायरीबरोबर एक बारीक लाल वायर येते, तिचं मागचं टोक रिव्हर्स लाइटला आणि पुढचं स्टिरिओच्या 'बॅक' वायरला. रिव्हर्स पडला की दिवा पेटतो आणि त्याच विजेने पडदा जागा होतो. ती जोडायची राहिली तर कॅमेरा चालू आणि पडदा गाणी लावून बसलेला.

पडदा उजळला तेव्हा भाचा मागे जाऊन उभा राहिला आणि डावा हात वर केला. पडद्यावर हात डाव्या बाजूला दिसला. तो आमच्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा डावा हात आम्ही मागे वळून पाहिलं तर उजव्या अंगाला हवा, पण गाडीचं चित्र आरशासारखं उलटं करावं लागतं, नाहीतर स्टेअरिंग उलटीकडे फिरतं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या वायरीत एक छोटा फास असतो, तो कापला की चित्र उलटतं. दुसरा कापला की पडद्यावरच्या अंतराच्या पट्ट्या जातात. कुठला कशासाठी ते कागदावर बघूनच कापावं, रंग कंपनीगणिक बदलतात.

हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही. स्वस्त कॅमेऱ्यात त्या छापलेल्या असतात, तुमच्या गाडीची उंची त्यांना ठाऊक नसते आणि स्टेअरिंगबरोबर त्या वळत नाहीत. शिवाय त्या सपाट जमीन धरून आखलेल्या. राजूर घाटात मागे चढ असला की मागचा दगड आहे त्यापेक्षा लांब दिसतो. अधांतरी वस्तूंचंही तसंच. उभ्या बैलगाडीचा पुढे आलेला धुरा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाहेर डोकावणारे पाइप: चाकं पट्टीच्या पलीकडे दिसतात आणि टोक काचेत घुसतं. पावसाळ्यात काळी माती भिंगावर बसते, ती बोटाने न घासता पाण्याने सोडवायची.

ज्यांच्या गाडीला पडदाच नाही, जुनी अल्टो किंवा वॅगन आर, त्यांच्यासाठी बाजारात आरशाच्या आकाराचा पडदा मिळतो. मूळ आरशावर तो दोन रबरांनी अडकवायचा. एरवी तो आरसा असतो. रिव्हर्स टाकला की त्याच काचेच्या एका अंगाला मागचं अंगण उजळतं. १९५६ मध्ये ज्याला गाडीतून काढलं होतं, त्याच्याच अंगावर कॅमेऱ्याचं चित्र आता रबराने बांधून येतं, आणि वायर तीच, पिवळ्या पिनेची.