पुढचा ब्रेक, वडिलांचा मंत्र आणि तीन पुस्तकं

भाच्याने गेल्या महिन्यात नवी बाईक घेतली. पेढे द्यायला आला तेव्हा म्हणाला, "मामा, नीट चालवायला शिकायचंय. व्हिडिओ बघून डोकं फिरलं. एखादं पुस्तक सांग ना."

बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. कारण मी शिकलो ते शाळेच्या मैदानात, दोन रविवारांत. वडिलांचा मंत्र एकच: पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर आपटशील. पंधरा वर्षं तो मंत्र पाळला. मग एका पावसाळ्यात समोरची रिक्षा अचानक वळली, मी मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला, चाक लॉक झालं आणि गाडी आडवी. खांद्याच्या हाडावर निभावलं.

पुढे कळलं की माझी ही चूक १९८१ सालीच छापून आली होती. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाचे संशोधक होते (आडनाव खरंच हर्ट!). त्यांच्या टीमने लॉस एंजेलिस परिसरात सुमारे ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले, शिवाय ३,६०० पोलिस अहवाल चाळले. त्यातले ९२ टक्के चालक कुठलंही रीतसर प्रशिक्षण न घेतलेले. स्वतःच शिकलेले, नाहीतर घरच्यांनी, मित्रांनी शिकवलेले. संकट दिसल्यावर हातात दोन सेकंदही नव्हते, आणि त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक जास्त दाबला, पुढचा कमी. म्हणजे माझे वडील एकटे नव्हते. अख्खी पिढी तेच शिकवत होती, तिकडेही आणि इकडेही.

खरं तर ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. फक्त तो झटक्यात आवळायचा नसतो, हळूहळू पण ठामपणे दाबत न्यायचा असतो. वळणाचंही तसंच. वेगात असताना उजवीकडे वळायचं तर हँडलची उजवी बाजू पुढे ढकलावी लागते. उलटं वाटतं, पण सायकलवर हेच घडतं हे विल्बर राइट यांच्या लक्षात आलं होतं. हो, विमानवालेच राइट.

आता पुस्तकं.

पहिलं, ब्रिटिश पोलिसांचं. हेंडनच्या पोलिस ड्रायव्हिंग स्कूलच्या शिकवणीतून १९५५ मध्ये 'रोडक्राफ्ट' आलं, पुढे त्याचं मोटरसायकलसाठी वेगळं पुस्तक निघालं. सूत्र साधं: जेवढा रस्ता मोकळा दिसतोय, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. आपल्या घाटांसाठीच लिहिलंय असं वाटतं. आणि ते लोकही आपल्यासारखेच डावीकडून चालवतात, त्यामुळे आकृत्या जशाच्या तशा लागू पडतात.

दुसरं, कीथ कोडचं 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट', १९८३. हे रेसट्रॅकचं. पण त्यातला एक विचार सगळ्यांनी घ्यावा: आपलं लक्ष म्हणजे खिशातली दहा डॉलरची नोट. पाच एका गोष्टीवर खर्च झाले, तर बाकीच्या सगळ्यासाठी पाचच उरतात. मांडीवर फोन ठेवून चालवणाऱ्यांनी हिशोब करावा.

तिसरं, डेव्हिड हफचं 'प्रोफिशियंट मोटरसायकलिंग', २०००. भटकी कुत्री, रेल्वेचे रूळ, रस्त्यावरची खडी, आंधळे चौक. रोजच्या रस्त्याचं पुस्तक. अमेरिकन असल्याने डावं-उजवं मात्र उलट करून वाचायचं.

निवडताना मी तीन गोष्टी बघतो. पुस्तक ट्रॅकसाठी आहे की रस्त्यासाठी? एबीएसच्या आधीचं आहे का? आणि मोकळ्या जागेत करून बघायचे सराव दिलेत का? नुसतं वाचून पोहता येत नाही, तसंच हे.

हे का लिहितोय? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. गाडी सुधारली. शिकवणारे मात्र आपणच, तेच मैदान, तेच दोन रविवार. मी लायसन्स काढलं तेव्हा आठचा आकडा काढून दाखवला आणि काम झालं. वेगात असताना थांबून दाखव, असं कुणी म्हटलं नाही. ही परीक्षा कधी बदलायची, हे आपण आपल्या निवडून दिलेल्यांना विचारायला हवं.

भाच्याला हफचं पुस्तक दिलंय. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात ब्रेकचा सराव आहे, आधी २० च्या वेगाने, मग ३० च्या. वडीलही येणार म्हणालेत. वय ७४. म्हणाले, "बघू तरी, माझं काय चुकलं ते."